खोट्या नवसाची पायवाट

नवस खोटा होता, हे स्वरूपाला कळलं तेव्हा ती तीन दिवसांत साठेक किलोमीटर चालून बसली होती. दोन्ही टाचांना फोड आले होते, थंडीनं ओठ फुटले होते, आणि नाकाचा शेंडा आपला आहे की उसना आणलाय हेही कळत नव्हतं. आधी कळलं असतं तर तिनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नसतं. पण नवऱ्यावर विश्वास टाकलेल्या बाईला असल्या गोष्टी उशिराच कळतात. त्यातून नवरा नवनाथसारखा गोड बोलणारा असला की आणखी उशिरा.

नवनाथ चाकणच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता, पर्मनंट. स्वरूपा त्याच कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबणाऱ्या मशीनवर, पण ठेकेदाराकडून. राहायला खराबवाडीत. लग्नाला दहा वर्षं झाली तरी दोघांच्या शिफ्टा अशा लागायच्या की एक घरात शिरताना दुसरा बूट घालत असायचा. संसार चालला होता तो दारावर ठेवलेल्या चाव्या आणि गॅसवर झाकून ठेवलेली भाजी यांच्या जिवावर. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नालाही या माणसानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. तोच जानेवारीतल्या एका शनिवारी जेवता जेवता म्हणाला, "ईश्वरीचा नवस राहिलाय."

"कसला नवस?"

"ती दोन वर्षांची असताना न्यूमोनिया झालता न्हाई का? तवा आईनं बोलला होता. आपण दोघांनी जोडीनं भीमाशंकराला पायी जायचं. पौषातच फेडायचा असतो."

असं म्हणून त्यानं देव्हाऱ्यामागून हळदीच्या फडक्याची पुडी काढून तिच्यापुढं ठेवली. त्या भागात रीत अशी की नवस बोलताना देवापुढं नाणं आणि चार दाणे तांदूळ पिवळ्या फडक्यात बांधायचे, आणि फेडायला जाताना तीच पुडी न सोडता न्यायची. सासू देहूरोडला थोरल्या दिराकडे असायची. तिला फोन करून विचारावं असं स्वरूपाच्या मनात आलं, तर नवनाथ म्हणाला, नवस फिटेपर्यंत त्याची वाच्यता करायची नसते. हेही तिला खरं वाटलं. लेकीच्या नावानं समोर आलेली पुडी कोणती आई तपासून बघते?

तिला अडचण एकच होती. "शुक्रवारी चौकशी हाय. मला कंपनीत हजर राहायलाच पायजे."

"उद्या रविवारी निघू. बुधवारी दर्शन, बुधवारीच यष्टीनं माघारी. शुक्रवार लांब हाय. तुझ्या रजेचं मी ठेकेदाराशी बोललोय."

ठेकेदार एका दिवसाच्या रजेसाठी आठवडाभर नाक घासायला लावायचा. त्यानं चार दिवस बिनबोभाट कसे दिले, हा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही. आनंदात असलेल्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत.

चौकशी होती करिष्माची. बीडकडून आलेली तेवीस वर्षांची पोर, चार नंबरच्या प्रेसवर स्वरूपाच्या शेजारी उभी राहायची. डिसेंबरात त्या प्रेसखाली तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. हात आत असला की सेन्सर मशीन थांबवतो, तसं त्या दिवशी थांबलं नाही, कारण सेन्सर तीन दिवसांपासून बंद होता. हे स्वरूपानं डोळ्यांनी पाहिलं होतं, सुपरवायझरला सांगितलंही होतं. कंपनी म्हणत होती, पोरीनं घाई केली, चूक तिचीच. त्या शिफ्टला जवळ असलेल्या बाकीच्या बायकांची तोंडं अचानक शिवली गेली. उरली एकटी स्वरूपा. ती बोलली तर करिष्माला न्याय, नाही बोलली तर पोरीला दोन बोटं घालवून वर नोकरीवरून हाकललं जाणार, इतका साधा हिशेब होता. "सेन्सर बंद कुणी केला असल?" असं तिनं घरी नवनाथला विचारलं होतं. "मला काय ठावं? माझी थर्ड शिफ्ट होती," एवढं बोलून त्यानं ताटातली भाकरी मोडली होती.

ईश्वरीला रहाटणीला मावशीकडे सोडून दोघं रविवारी उजाडायच्या आत निघाली. नवनाथनं अट घातली, तुझा फोन बंद ठेव. "पोरीशी माझ्या फोनवरनं बोलू. चार दिवस नुसती आपण दोघं. मागनं कंपनी नको, ठेकेदार नको." स्वरूपाला हे इतकं आवडलं की तिनं फोन बंद करून पिशवीच्या तळाशी कोंबला.

आणि खरं सांगायचं तर ते तीन दिवस फार चांगले गेले. हेच तर वाईट झालं. राजगुरुनगरपर्यंत हायवेच्या कडेनं ट्रकांचा धूर खात चालले, पण पुढं चासकडे वळल्यावर रस्ता रिकामा झाला. उसाच्या फडांवर धुकं बसलेलं, गवतावर दव असं की चालता चालता साडीचा काठ पोटरीपर्यंत भिजायचा. गारठा मावळातला, हाडात शिरणारा. तोंडातून वाफ निघायची, बोटं आखडून पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरायचं नाही. मग नवनाथ बाटली उघडून द्यायचा. टपरीवर चहा घेतला की आपला ग्लास आधी तिच्या दोन्ही हातांत द्यायचा, धरून शेक म्हणायचा.

पहिला मुक्काम चासच्या देवळात झाला, दुसरा वाडा गावात एका ओळखीच्याच्या ओसरीवर. वाड्याला तिच्या टाचेचा फोड फुटला तेव्हा त्यानं शेकोटीवर तेल कोमट केलं आणि तिचा पाय मांडीवर घेऊन चोळत बसला. दहा वर्षांत या माणसानं तिचा पाय कधी नीट पाहिलाही नव्हता. "लाजू नको गं, कोण बघतंय," म्हणाला. ती लाजलीच. रात्री एका गोधडीत दोघं कुडकुडत पडली, लग्नातल्या गमती काढून हसली. देवानं नवसाच्या निमित्तानं आपला नवरा आपल्याला परत दिला, असं तिला वाटलं. मनोमन तिनं सासूचे आभारही मानले.

तिसऱ्या दिवशी उतरत्या उन्हाला भोरगिरी दिसायला लागलं. इथं नवनाथची आत्या राहायची, सोजरबाई. पुढं सकाळी जंगलातली चढण चढली की भीमाशंकर. रस्त्यानं फेर पडतो म्हणून नवनाथनं ओढ्यातून वाट काढली आणि शेवाळल्या दगडावरून स्वरूपाचा पाय सटकला. कमरेपर्यंत पाण्यात बसली. पाणी एवढं गार की ओरडायलाही श्वास फुटेना. नवनाथनं तिला ओढून काढलं, स्वतःचा स्वेटर उतरवून तिच्या अंगात घातला आणि शर्टावर दात वाजवत आत्याच्या दारापर्यंत आला.

सोजरबाई सत्तरीची, वाळकी आणि तडफदार. सुनेची दशा बघून तिनं आधी भाच्याला झापलं, मग लाकडं आणायला परसात पिटाळलं आणि स्वरूपाला चुलीपुढं बसवलं. ओलं लुगडं बदलताना कमरेला बांधलेली पुडी तिच्या हाताला लागली.

"ही भिजली की गं. तांदळाला वास सुटंल. सोड, वाळवू."

"आत्या, उघडायची नसती ना?"

"भिजल्यावर काय करतीस? देव काय एवढा खुळा हाय?" म्हणत म्हातारीनं गाठ सोडली. तांदूळ ताटलीत पसरले. नाणं उचलून चुलीच्या उजेडात धरलं. "हे कसलं गं? गोलबी न्हाई धड."

"वीसचं हाय, आत्या." स्वरूपानं ते हातात घेतलं, पुसलं, आणि खालचं साल वाचलं. दोन हजार तेवीस.

ईश्वरीला न्यूमोनिया झाला तो दोन हजार एकोणीसच्या दिवाळीत. एकोणीस साली बांधलेल्या पुडीत तेवीस सालचं नाणं कसं आलं? लबाडी करणाऱ्याला अक्कल भरपूर असते, पण ऐन वेळी खिशात जुना रुपया नसतो, तिथं तो फसतो. स्वरूपानं दोनदा वाचलं. तिला एवढ्यातच काही वाईट मनात आणायचं नव्हतं. सासूनं नंतर नाणं बदललं असेल, अशी तिनं स्वतःचीच समजूत काढली. पण विचारायला तर हवं.

"आत्या, फोन कुठं लागतो?"

"साळंच्या मागल्या टेकाडावर. पर अंगात कापरं भरलंय तुझ्या."

कानटोपी आणि नवऱ्याचा स्वेटर घालून ती लंगडत टेकाडावर गेली. सूर्य डोंगराआड गेला होता, वारा कान कापत होता. फोन चालू केला तसा तो हातात थरथरायला लागला. करिष्माचे एकामागून एक मेसेज पडले. पहिला सोमवारचा: ताई, चौकशी शुक्रवारची बुधवारी केलीया, सकाळी अकराला. दुसरा: चौकशीला बोलावल्याचं तुमच्या नावचं पत्र शनिवारीच नवनाथदादांनी सही करून घेतलं म्हनं, तुमाला कळलं ना? तिसरा आजच्या, मंगळवारच्या दुपारचा: ताई तुमी कुठंयत, फोन का बंद लागायलाय, मी एकटी पडले ओ.

स्वरूपानं सासूला, कुशाबाईला, फोन लावला. एवढं वाचल्यावर तिला आणखी काय विचारायचं होतं कुणास ठाऊक. माणूस शेवटची काडी हातातून सुटेपर्यंत धरून ठेवतो.

"नवस? मी?" कुशाबाई पलीकडून म्हणाली. "अगं, मी नुसता नारळ बोलले हुते, त्यो तवाच फोडला की. आपल्या घरात पायी नवस बोलत्यातच न्हाई. कोण म्हनलं तुला?"

"कुणी न्हाई," स्वरूपा म्हणाली आणि फोन ठेवला.

तिला आधी राग आला नाही, लाज वाटली. वाड्याच्या ओसरीवर आपण या माणसाच्या मांडीवर पाय ठेवून लाजलो, त्याची लाज. केसानं गळा कापणं म्हणतात ते असं असतं, कापताना दुखतसुद्धा नाही. तिनं अंगातला स्वेटर काढला. थंडी वाजायला लागली तरी तो परत घातला नाही, हातात धरून खाली आली.

नवनाथ परसात लाकडं फोडत होता. तिनं स्वेटर त्याच्यापुढं टाकला आणि उभ्या उभ्या विचारलं, "पत्र कुठं हाय माझं?"

त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. एवढ्यानं त्याला सगळं समजलं. काही क्षण त्यानं थापेसाठी इकडेतिकडे पाहिलं, मग लाकडावर बसला. "सेन्सरला जंपर मीच मारला, वायर जोडून त्यो बंद केला," तो म्हणाला. "प्लँटवाल्या साहेबानं सांगितलं. सेन्सर सारखा ट्रिप होतोय, डिस्पॅच अडकलंय, दोन दिवस बायपास कर, नवा पार्ट आला की लावू. मी केलं. मला काय ठावं पोरीची बोटं जातील."

"आन् थर्ड शिफ्ट?"

"ते खोटं बोललो."

"नवसबी."

"तू बोललीस की माझी नोकरी जाती, स्वरूपा. वर पोलीस केस. आपल्या पोरीचं काय? साहेब म्हणला, चार दिवस बायकोला कुठंतरी घेऊन जा, रजेचं मी बघतो. मला दुसरं काय सुचंना."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

तो प्रश्न तिला फार लागला. तिनं वेगळंच विचारलं. "पायाला तेल लावलं, ते कुणी सांगितलं हुतं? साहेबानंच?"

नवनाथ रडायला लागला. "न्हाई गं. ते खरं हुतं. आईशपथ खरं हुतं."

खोटं म्हणाला असता तर सोपं गेलं असतं. सगळा माणूसच खोटा म्हणून त्याला मनातून काढून टाकता आलं असतं. आता यातला कोणता नवनाथ खरा धरायचा, या विचारात ती चुलीपुढं बसून राहिली. तिच्या पुढ्यातली भाकरी निवून वातड झाली. झोपायच्या आधी तो पुन्हा जवळ आला आणि हात जोडून म्हणाला, "सगळं सांगितलं बघ तुला, काही राखलं न्हाई. तू जा, सेन्सर बंद हुता एवढं सांग. करिष्माचं भलं हुईल. फक्त माझं नाव घेऊ नको." तिनं निखाऱ्यांवर राख ओढली.

पहाटे दुधाची पिकअप राजगुरुनगरला जायची. स्वरूपा पिशवी घेऊन निघाली तर नवनाथ दारात आडवा. आणि काय म्हणाला माहीत आहे? "नवसाची पुडी अर्ध्यातनं माघारी न्यायची नसती. पोरीच्या नावाची हाय. आधी दर्शन घे." स्वतः रचलेल्या खोट्यावर माणसाचाच विश्वास बसायला लागला की त्याच्याशी काय बोलायचं? सोजरबाईनं रात्री सगळं ऐकलं होतं. तिनं वाळलेले तांदूळ आणि ते वीसचं नाणं आपल्या ओच्यात घेतलं. "देवाचं मी बघते," ती म्हणाली. "तू पोरीकडं जा. आन् तू बाजूला हो रं, भाड्या."

पिकअपच्या मागच्या हौद्यात दुधाच्या कॅनना टेकून ती बसली. वारा ताडपत्रीखालून शिरून अंगाचं लाकूड करत होता. पण डोकं हळूहळू जागेवर येत होतं. नवरा वाईट नाही, भित्रा आहे, असं तिनं ठरवलं. भित्र्या माणसाशी संसार करता येतो, किती तरी बायका करतात. सेन्सर बंद होता हे सांगायचं, करिष्माला तेवढं पुरेल. कुणी बंद केला ते माहीत नाही म्हणायचं. एक खोटं आपल्याही पदरात बांधून घ्यायचं, लेकीसाठी. वाडा मागं पडला, चास मागं पडलं. ज्या ओसरीवर ती हसली होती तिच्याकडे तिनं पाहिलं नाही.

राजगुरुनगरहून वडापची जीप मिळाली, पण चाकणच्या अलीकडे नेहमीसारखा ट्रॅफिक तुंबलेला. दहा वाजले तशी ती उतरली आणि कंटेनरांच्या मधून, फुटलेल्या टाचांनी, उरलेले तीन किलोमीटर चालत गेली. जोडीनं निघालेल्या वाटेचा हा शेवटचा टप्पा ती एकटी चालली. गेटवरच्या वॉचमननं तिला ओळखलंच नाही.

मीटिंग रूममध्ये चौकशी अधिकारी म्हणून आणलेले बाहेरचे वकील, एचआरचे साहेब, प्लँटवाले साहेब, आणि टेबलाच्या कोपऱ्याला करिष्मा. पांढऱ्या पट्टीतला हात तिनं टेबलाखाली लपवला होता, तो स्वरूपाला बघून वर घेतला. प्लँटवाले साहेब मात्र स्वरूपाला बघून खुर्चीत सरळ झाले. तिनं सांगायचं ते सांगितलं. सेन्सर तीन दिवस बंद होता. हात आत असताना प्रेस खाली आला. मी सुपरवायझरला आधीच बोलले होते. वकिलांनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाले, "सेन्सर बंद होता हे आता कंपनीलाही मान्य आहे. प्रश्न इतकाच की बंद कुणी केला. त्याबद्दल मेंटेनन्सच्या एका कामगाराचा शनिवारचा लेखी जबाब आमच्याकडे आहे."

त्यांनी कागद वाचायला घेतला. ऑपरेटर करिष्मा हिने जादा प्रॉडक्शन काढण्यासाठी सेन्सरला स्वतः जंपर मारला, तो मारताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. खाली सही.

सही स्वरूपाला लांबूनच ओळखू आली. ईश्वरीच्या शाळेच्या दाखल्यावर होती तीच, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली. शनिवारी त्यानं हे लिहून दिलं, आणि त्याच हातानं शनिवारी रात्री पुडी समोर ठेवली. सगळं सांगितलं, काही राखलं नाही, असं काल रात्री म्हणाला तेव्हाही हे पोटात होतं. आपण कंपनीत जाऊन सेन्सर बंद होता हे खरं सांगू, आणि तेच खरं या पोरीच्या गळ्यात फास म्हणून पडेल, हे ठाऊक असून तो स्वरूपाला "जा" म्हणाला होता. करिष्मा रडलीही नाही. ती नुसती स्वरूपाकडे बघत होती, आता तुमीबी त्यांच्यातल्याच, असं.

"यावर तुम्हाला काही सांगायचंय?" वकिलांनी विचारलं. "जंपर कुणी मारला हे तुम्हाला माहीत आहे?"

"आमच्या ह्यांनी."

"‘हे’ असं लिहून चालत नाही, ताई. पूर्ण नाव सांगा."

लग्नातल्या उखाण्यानंतर स्वरूपानं नवऱ्याचं नाव चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी मांडवातल्या सगळ्या बायका घे की घे म्हणून हसत होत्या आणि तिचं तोंड लाजेनं वर होत नव्हतं. आता तिनं मान वर केली.

"नवनाथ मालोजी कड," ती म्हणाली. "आन् त्यांना सांगणारा साहेब इथंच बसलाय. दोन्ही नावं लिहा."